तारा पाहिला, पण लिहिला का?

फेब्रुवारी 2020 मधली गोष्ट. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका गच्चीवर आम्ही आठवी-नववीच्या मुलांना मृग नक्षत्र दाखवत होतो. मिरजकर तिकटीकडच्या दिव्यांनी आकाश फिके पडले होते, तरी मृगाचा चौकोन ओळखता येत होता. एक मुलगी म्हणाली, "सर, पुस्तकात काक्षी केवढा ठळक दाखवलाय! इथं तर तो शेजारच्या ताऱ्याएवढाच दिसतोय."

आम्ही तिला शाबासकी दिली आणि पुढच्या नक्षत्राकडे वळलो. तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. ताऱ्याचे तेज 'प्रत' या मापाने मोजतात. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. एरवी 0.5 प्रतीच्या आसपास असणारा काक्षी त्या महिन्यात 1.6 प्रतीपर्यंत मंदावला होता. त्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि त्या धुळीने ताऱ्याचा काही भाग झाकला, असे पुढे अभ्यासातून दिसून आले. पण आमच्यापैकी कोणीही त्या रात्रीची तारीखसुद्धा लिहून ठेवली नाही. त्यामुळे ते निरीक्षण आता नुसती आठवण आहे; पुरावा नव्हे.

एक हरवलेली नोंद

4 जुलै 1054 रोजी चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक नवा 'पाहुणा तारा' नोंदवला. तो 23 दिवस भर दिवसाही दिसत होता आणि रात्री सुमारे 21 महिने दिसत राहिला. तो अतिनवतारा होता, म्हणजे एका मोठ्या ताऱ्याचा अखेरचा स्फोट. त्याचे अवशेष आज खेकडा अभ्रिका म्हणून दुर्बिणीतून दिसतात.

आपल्याकडे तो कोणी पाहिला असेल का? कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात त्याचा शोध घेतला. निःसंशय अशी नोंद हाती आली नाही. जुलैत आपल्याकडे ढग असणार हे खरे. पण पावसाळा संपल्यावरही तारा कितीतरी महिने आकाशात होता. तो पाहणारे डोळे नक्कीच असतील. लेखी पुरावा मात्र मिळत नाही.

स्फोट दोन प्रकारचे

अतिनवताऱ्यात तारा उद्ध्वस्त होतो. नवताऱ्याचे तसे नाही. तेथे एक लहान, घन असा श्वेत लघुतारा आपल्या जोडीदाराकडून हायड्रोजन ओढून घेतो. पृष्ठभागावर हा थर साचत जातो, तापतो आणि एके दिवशी त्यात अणुसंमीलन भडकते. थर उडून जातो. तारा शिल्लक राहतो आणि पुन्हा थर साचू लागतो. उत्तर मुकुटातील 'टी' तारा एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आहे. 1866 आणि 1946 मध्ये तो भडकून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचला. हे 80 वर्षांचे अंतर पाहून 2024 पासून जगभरच्या निरीक्षकांनी त्याच्यावर पहारा सुरू केला.

असा पहारा हौशी माणसेच जास्त करतात. खजिन्यात नोकरी करणारे बंगालचे राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांची सुमारे 37 हजार निरीक्षणे अमेरिकेतील संघटनेकडे पाठवली. 19 मे 2023 रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम 101 या दीर्घिकेत अतिनवतारा सापडला. शोधाच्या आधीच्या काही तासांत इतर हौशी निरीक्षकांनी त्याच दीर्घिकेची छायाचित्रे घेतली होती. त्यांवर वेळ नोंदलेली असल्यामुळे स्फोट केव्हा सुरू झाला हे ठरवायला मदत झाली.

करून पाहा

डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळी काक्षीची तुलना प्रश्वा (0.4) आणि रोहिणी (0.9) यांच्याशी करा. दोघांत 0.5 प्रतीचा फरक आहे. मनात त्याच्या पाच पायऱ्या कल्पा. काक्षी प्रश्वापेक्षा दोन पायऱ्या खाली वाटला, तर त्याची प्रत 0.6. तो रोहिणीपेक्षाही मंद दिसला, तर रोहिणी आणि मृगातील बेलाट्रिक्स (1.6) हे तारे घ्या.

तीन पथ्ये पाळा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नका, तो उगाच तेजस्वी भासू लागतो. तारे क्षितिजापासून साधारण सारख्या उंचीवर असताना तुलना करा, कारण खालचा तारा हवेमुळे मंद दिसतो. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने शेजाऱ्याला न विचारता आपला आकडा लिहावा.

एप्रिल-मे महिन्यांत उत्तर मुकुटाची कमान मुलांकडून पाठ करून घ्या. कमानीजवळ एखादा जास्तीचा ठळक तारा दिसला, तर ती त्यांना चटकन कळेल.

वर्गासाठी एक वही पुरे. तारीख, वेळ, ठिकाण, तुलनेचे तारे, अंदाजलेली प्रत आणि आकाशाची स्थिती एवढे रकाने आखा. ढग असतील त्या दिवशी 'ढग' असे लिहा. तीही नोंदच आहे. आमच्या गच्चीवरील वहीत पहिला रकाना आता तारखेचा आहे.