काशीच्या गल्लीतील न्याहारी

काशीच्या गंगातीरावर मराठी माणसाला परके वाटू नये अशी घाटांची एक ओळच आहे. दक्षिणेस ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविलेला शिंदे घाट, उत्तरेस गंगामहाल आणि त्यापुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट. शिंदे घाट आणि गंगामहाल यांच्यामध्ये संकठा घाट आहे. त्याच्या पायऱ्या चढून संकठादेवीच्या देवळावरून पुढे निघाले म्हणजे अरुंद गल्ल्या चौखंबा आणि ठठेरी बाजार या भागांकडे जातात. गंगास्नान आटोपून या बाजूने परतणाऱ्या यात्रेकरूच्या मनात देवळांच्या घंटानादाइतकीच आणखी एक गोष्ट घर करून राहते. ती म्हणजे हलवायाच्या कढईतून येणारा कचोरीचा वास.

काशीची जुनी उपाहारगृहे म्हणजे ही हलवायांची दुकानेच होत. टेबलखुर्च्यांचा थाट तेथे नसे. गल्लीच्या कडेला उंच ओटा, त्यावर भट्टी, आणि समोर उभ्याउभ्याच खाणारे गिऱ्हाईक. उडदाच्या डाळीचे वाटण भरलेली कचोरी, द्रोणात बटाट्याची किंवा भोपळ्याची भाजी आणि जोडीला गरम जिलबी, ही सकाळची न्याहारी. थंडीत मलइयो मिळे. तापविलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवावयाचे, पहाटे ते घुसळून फेस काढावयाचा आणि त्यात केशर व वेलची घालावयाची. ऊन चढले की तो फेस बसतो. म्हणून त्याची विक्री सकाळीच आटोपते. मातीच्या कुल्हडातला हा पदार्थ ज्याने एकदा चाखला, त्याला काशीचा हिवाळा वेगळा आठवावा लागत नाही.

परंतु अन्नपूर्णेच्या या नगरीत बाजारात वरणभाताऐवजी कचोरीच का रूढ झाली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर रुचीपेक्षा आचारधर्मात अधिक सापडते. उत्तर हिंदुस्थानात स्वयंपाकाचे कच्चा आणि पक्का असे दोन भेद मानले जात. पाण्यात शिजविलेला भात, डाळ किंवा तव्यावरची पोळी हे कच्चे अन्न. ते स्वजातीच्या किंवा वरिष्ठ मानलेल्या जातीच्या हातचेच चाले. तुपात तळलेले पक्के अन्न मात्र हलवायाच्या हातचे घेण्यास फारशी हरकत नसे. म्हणून परगावचा मनुष्य बाजारात खाऊ शकेल असा पदार्थ म्हणजे पुरी, कचोरी आणि मिठाई. द्रोण आणि कुल्हड यांचेही मूळ पुष्कळसे याच विचारात आहे. एकदा वापरून फेकले की उष्ट्याचा प्रश्न उरत नाही.

मराठी यात्रेकरूची भाताची सोय यामुळे बाजाराबाहेर होई. तो तीर्थोपाध्यायाच्या घरी उतरे, अन्नछत्रात जेवे किंवा आपला शिधा आपणच शिजवी. महाराष्ट्रात ही अडचण निराळ्या रीतीने सुटली. मुंबईत गिरण्या निघाल्या, कोकणातून आणि घाटावरून एकटे पुरुष कामाला आले, आणि त्यांच्यासाठी घरगुती खानावळी उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेक खानावळी बायकाच चालवीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांची संघटना बांधली, तेव्हा तिचे नाव अन्नपूर्णा महिला मंडळ असेच ठेवले गेले.

जुन्या न्याहारीची गोडी वर्णन करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या ओट्यापाशी सर्वांना समान जागा नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाने दूर उभे राहावे, त्याच्या हातात पदार्थ वरून टाकावा, असा रिवाज देशात असंख्य ठिकाणी होता. कित्येक उपाहारगृहांत तर त्याला प्रवेशच नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली केली आणि १९५५ च्या कायद्याने असा मज्जाव हा दंडनीय अपराध ठरविला. खाण्याच्या जागेचा उल्लेख राष्ट्राच्या घटनेत करावा लागला, यावरून त्या जागेचे महत्त्व ध्यानात येते.

ही गोष्ट आपल्याच देशाची नव्हे. अमेरिकेत मांसाची भाजलेली टिक्की पावात घालून देणारी हँबर्गरची लहान दुकाने गावोगाव होती. १९२१ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे व्हाइट कॅसल निघाले. पुढे १९५५ नंतर मॅकडॉनल्डच्या शाखा पसरत गेल्या आणि स्थानिक दुकानांपैकी पुष्कळशी मागे पडली. त्यांची आठवण तेथील वृद्ध आजही हळहळून काढतात. परंतु त्याच देशात १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारकक्षात जाऊन बसले, तेव्हा त्यांना काही देण्यास नकार मिळाला. ते उठले नाहीत. पुढे १९६४ च्या कायद्याने असा भेद बंद केला. एकाच्या गोड आठवणीची जागा ही दुसऱ्याच्या अपमानाचीही जागा असू शकते.

काशी आता बदलत आहे. विश्वनाथ मंदिराच्या परिसराचा विस्तार होऊन १३ डिसेंबर २०२१ रोजी त्याचे लोकार्पण झाले. त्यात लाहोरी टोल्यासारखी जुनी वस्ती नाहीशी झाली. चौखंब्याच्या गल्ल्या मात्र अद्याप आहेत. स्वातंत्र्याच्या चळवळीत ठठेरी बाजारात जन्मलेल्या तिरंगी बर्फीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. केशर, खवा आणि पिस्ता यांच्या तीन थरांतून हलवायाने परक्या सत्तेला दिलेले ते उत्तर होते.

मानांकनाने पदार्थाचे नाव राखता येते. गल्ली, पहाट आणि गिऱ्हाइकांची वर्दळ यांची राखण त्याने होत नाही. त्यासाठी तेथे माणसे राहावी लागतात आणि दुकान चालावे लागते. जुन्या उपाहारगृहांविषयी खरी आस्था असेल तर त्यांची कढई तापत राहावी अशी इच्छा धरावी. आणि जो पूर्वी दूर उभा केला जाई, त्याच्याही हातात तोच द्रोण त्याच आदराने पडतो की नाही, हेही पाहावे.