उसळी कोण गिळणार?

धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं वैमानिक प्रशिक्षण चालतं. शिकाऊ हातांनी सेस्ना उतरते तेव्हा तिचे मागचे दोन पाय क्षणभर बाहेर फाकतात आणि लगेच जागेवर येतात. त्यांत तेल नाही की रबर नाही, नुसतं स्प्रिंगचं पोलाद. विमान नाकाखाली चाक असलेलं, पण या पायांचं घराणं जुन्या टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या, विमानांचं. स्टीव्ह विटमन या अमेरिकी शर्यतवीराने ते बनवले. सेस्नाने हक्क घेऊन १९४६ साली ते आपल्या टेलव्हील १४० ला बसवले.

टेलव्हील विमानाची खोड त्याच्या वजनात असते. वजनाचा मध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे पडतो. चाकं जोरात टेकली की शेपटी खाली जाते, पंखांचा हवेशी कोन वाढतो, उचल वाढते आणि उतरलेलं विमान पुन्हा वर! त्यात पायांनीही धक्का परत केला तर वैमानिकाची कसोटी लागते.

पोलादी पाय नेमकं तेच करतो. ट्रकच्या पाट्यासारखा तो जे घेतो ते बहुतेक सगळं परत देतो. बंजी, म्हणजे रबरी धाग्यांचा ताणलेला जुडगा, थोडं पोटात ठेवतो. पायपर कबची सगळी मदार याच्यावर. त्यावर विणलेलं सुती आवरण असे. कापसाच्या खान्देशाला ही माहिती आवडावी. तिसरा प्रकार ओलिओ. यात तेल बारीक छिद्रातून रेटलं जातं, धक्क्याची उष्णता होते आणि उसळी तिथेच जिरते. उतरण्यापुरतं बोलायचं तर ओलिओला तोड नाही.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं ते पस मॉथ या टेलव्हील विमानातून. त्याच्या पायांना आणखी एक काम होतं. शॉकअपवरचं चपटं आवरण उतरताना काटकोनात फिरवलं की ते वाऱ्याला आडवं येई आणि विमानाचा वेग मारला जाई. पुढे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्तान एअरक्राफ्टने पुष्पक घडवलं. १९५८ साली उडालेलं हे दोन आसनी टेलव्हील विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोचलं आणि वैमानिकांची एक पिढी त्यावर शिकली.

आता गोंदूरला काय, जळगावला काय, शिक्षण नाकचाकी विमानांवर. त्यांत वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, म्हणून विमान जमिनीवर आपसूक सरळ होऊ पाहतं. टेलव्हीलचं उलट. शेपटी जरा बाजूला सरकली की ती पुढे यायलाच धडपडते आणि पायाने रडर वेळीच मारला नाही तर विमान गर्रकन फिरतं.

तरी खान्देशात टेलव्हील ठेवायचंच तर पोलादी पाय बरे. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यात रबर लवकर म्हातारं होतं. ओलिओच्या चकचकीत दांड्यावर धूळ बसली की सील खरवडतं आणि तेल ओघळू लागतं. पोलादाला यातलं काही बाधत नाही. टायर मात्र पाय फाकताना डांबरावर आडवे घासतात आणि झिजतात.

सेस्नाच्या नाकाखालचा पाय मात्र ओलिओच आहे. म्हणून उड्डाणापूर्वी तिथे वाकून दांडा किती बाहेर आहे, तेल गळतंय का, हे बघावं लागतं; मागच्या पायांशी टायर आणि ब्रेक तपासले की बहुतेक काम होतं.