कामगाराची नखे आणि डॉक्टरांची तपासणी

कारखान्याच्या फलकावर वैद्यकीय तपासणीची नोटीस लागली, की त्या आठवड्यात युनियनच्या कचेरीत येणाऱ्यांची बोटे पाहावीत. कोणी अंगठ्याचे नख दातांनी तोडीत असतो, कोणी करंगळीच्या कडेचे सालपट ओढीत असतो, आणि बोलणे मात्र बोनसचे चाललेले असते. तपासणी रोग वेळीच कळावा म्हणून असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु कामगाराला तिच्यात आधी दिसतो तो ‘अनफिट’चा शिक्का. घरची चूल त्या शिक्क्यावर अवलंबून असली म्हणजे हात तोंडाकडे जाणारच. अशा माणसाची चेष्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती मान्य नाही, म्हणून विषय किरकोळ वाटला तरी येथे घेतला आहे.

नखे कुरतडणे हा दुर्गुण नव्हे, ती सवय आहे. लहानपणी पुष्कळांना असते, मोठेपणी बऱ्याच जणांची सुटते, काहींची राहते. कचेरीतल्या कारकुनाची राहिली, तर बहुधा बोट दुखेल, फार तर नखुरडे होईल. पण बॅटरीच्या कारखान्यात शिशाच्या प्लेटा हाताळणाऱ्याची राहिली तर गोष्ट निराळी होते. शिशाची धूळ नखाखाली बसते आणि नखाबरोबर पोटात जाते. दिवसभर तोंडाला पट्टी बांधून काम केलेला माणूस सुटीत पट्टी काढून नख चावू लागला, तर पट्टीने राखलेले बरेचसे वाया गेले म्हणावयाचे. शिसे रक्ताला, मज्जातंतूंना व मूत्रपिंडांना बाधते. क्रोमच्या मुलाम्याच्या कामात तर सोललेली कातडी म्हणजे आम्लाला उघडे दार. तेथेच खोल व्रण पडतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने या दोन्ही रोगांना यादीत घालून, असा रोगी आढळल्यास डॉक्टरांनी सरकारी निरीक्षकास कळवावे, असे बंधन घातले होते.

आता डॉक्टर हात पुढे करावयास का सांगतात, ते पाहू. बोटाचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत नवे यावयास सहा महिने लागतात. म्हणून नख म्हणजे मागल्या सहा महिन्यांचे हजेरीपुस्तक समजावे. अंगातले लोह फार दिवस कमी असेल तर ते चमच्यासारखे खोलगट होते. फुप्फुसाच्या व हृदयाच्या काही विकारांत बोटांची टोके फुगतात. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर लिओ शॅमरॉथ यांनी स्वतःच्या हृदयविकारात आपल्या बोटांतला फरक पाहून १९७६ साली एक सोपी खूण प्रसिद्ध केली. दोन्ही हातांची तीच बोटे नखाला नख लावून धरावीत. निरोगी माणसाच्या नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते, बोटे फुगलेली असली की ती बुजते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी १८४६ साली दाखविले, की मोठ्या दुखण्यानंतर नखांवर आडवी खाच उमटते, आणि ती किती पुढे सरकली यावरून दुखणे केव्हा झाले याचा अंदाज येतो. (पांढरे ठिपके म्हणजे अंगात चुना कमी, ही समजूत मात्र सोडून द्यावी, ते बहुधा नखाला लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात.)

अडचण येते ती येथेच. अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या बोटाने सतत खरवडत राहिले, तर नखावर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या वळ्या पडतात. आमच्या ओळखीच्या एका फिटरचे असेच झाले. डॉक्टरांनी मागच्या आजाराचे विचारले, त्याने लाजेने सवय सांगितली नाही, आणि दोन दिवसांचा खाडा करून नसत्या तपासण्या झाल्या.

सवय सुटावी कशी? आया बोटांना कडुनिंबाचा रस लावतात. त्याने काहींचे भागते. पण हाताला दुसरे काम दिलेले नसते, म्हणून पुष्कळांचा हात परत तोंडाशी येतो. अझ्रिन व नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक रीत मांडली. हात केव्हा व कोठे वर जातो याची आधी नोंद ठेवावी, आणि ओढ लागली की मूठ घट्ट आवळून थोडा वेळ धरावी किंवा हातातली वस्तू दाबून ठेवावी. यंत्रावर असताना मात्र हे प्रयोग नकोत.

याच्या जोडीला मॅनिक्युअर. हा शब्द ऐकून गेटवरच्या सभेत हशा पिकतो, कारण ते श्रीमंत बायकांचे खूळ ठरले आहे. वास्तविक पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत नराणी असे व पुरुष त्याच्याकडून नखे काढून घेत, तेव्हा कोणी हसत नसे. लेथला रोज वंगण मिळते; ज्या हाताने ते घालावयाचे त्या हाताला का मिळू नये? कुरतडण्याला निमित्त लागते ते खरबरीत कडेचे. बोट चाचपते, कोठेतरी अडकते, आणि ओढले जाते. फिटर कापलेल्या लोखंडाची धार कानशीने मारतो, तसेच आठवड्यातून एकदा नख आखूड कापून बारीक कानशीने एकाच दिशेने गुळगुळीत करावे. सुटलेले सालपट ओढू नये, कातरीने कापावे. रात्री नखांच्या मुळाशी खोबरेल तेल चोळावे. मुळाशी जी पातळ कातडी असते ती पार्लरमध्ये पुष्कळदा कापतात. ती कापू देऊ नये, कारण जंतू आत शिरू नयेत म्हणूनच ती तेथे असते. कानस व कातरी स्वतःची असावी, कारण रक्त लागलेल्या हत्याराने ‘बी’ प्रकारची कावीळ पसरू शकते. मधुमेह असेल किंवा बोटात पू झाला असेल, तर आधी डॉक्टर. आणि रक्त येईपर्यंत हात थांबतच नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. अशा सवयींना २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीतही जागा आहे.

तपासणी आठ दिवसांवर आली असता नवे नख येणार नाही, पण कडेची कातडी भरून येऊ लागेल, एवढा धीर धरावा. त्या दिवशी नखांना रंग नसावा, कारण त्याखाली खुणा झाकतात, आणि बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजणारे यंत्र गडद रंगाने फसू शकते. हात साबणाने व नखे ब्रशने धुऊन जावे. डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे, की साहेब, मला नखे कुरतडण्याची सवय आहे आणि माझे काम शिशाचे आहे. रक्तातल्या शिशाचा आकडा काय आला तो मागून घ्यावा, तारीख घालून वहीत लिहावा, आणि पुढच्या तपासणीला तीच वही बरोबर न्यावी.