आधी ओळख, मग पॉलिश

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची एक युद्धनौका बांधली गेली. १८१७ साली पाण्यात उतरलेली ती ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. खाऱ्या पाण्याला दोनशे वर्षं पुरून उरलेलं हे लाकूड घरात तर पिढ्यान्‌पिढ्या टिकावं. तरीही वाड्यातले पलंग, फडताळं, आरामखुर्च्या भंगारात जातात. काही वाचतात, पण दुरुस्तीच्या नावाखाली तासून-रंगवून त्यांचं जुनेपणच पुसलं जातं.

सागाचं बळ त्याच्या गाभ्यात आहे. तिथलं नैसर्गिक तेल आणि इतर द्रव्यं वाळवीला दूर ठेवतात. सालीलगतच्या फिकट लाकडाला मात्र हे संरक्षण नसतं, आणि ते बहुधा न दिसणाऱ्या भागांत वापरलेलं असतं. म्हणून तपासणी दर्शनी भागापासून नव्हे, तर मागच्या फळ्या आणि पायांच्या तळापासून सुरू करावी. बारीक छिद्रांखाली पुन्हा पुन्हा ताजी पूड पडत असेल तर कीड जिवंत आहे. आधी तिचा बंदोबस्त करावा, बाकी सगळं नंतर.

खुर्ची डुगडुगली की खिळा ठोकण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुन्या सुतारांनी खाचेत कूस बसवून, सरस लावून सांधे केलेले असतात. सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं मऊ पडतो, त्यामुळे सांधा न मोडता सुटतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. खिळ्यानं मात्र लाकूड फाटतं आणि पुढची दुरुस्ती अवघड होते.

आता पॉलिश. जुन्या सामानावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं : चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडी बोळ्यानं चढवलेले पातळ थर. ओळखण्यासाठी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस टेकवावा. थर चिकट होऊन कापसाला रंग लागला तर ती लाख समजावी. मग खरवडायची गरज सहसा नसते. घट्ट पिळलेल्या कापडानं मळ काढावा, पूर्ण वाळू द्यावं आणि लाखेचे नवे हात द्यावेत; ते जुन्या थरात मिसळून जातात. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिशचा थर असा मिसळत नाही, बिघडला की बहुधा तासावाच लागतो. घासकामाच्या यंत्रानं तर नक्षीच्या कडा बोथट होतात आणि वयानं आलेला रंग जातो. तो रंग कोणत्याही डब्यात मिळत नाही.

पावसाळ्यात पॉलिश करू नये. दमट हवेत लाखेचा थर पांढुरका पडतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. जवसाचं तेल वापरलंत तर त्याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

रोजची निगा सोपी आहे. थेट ऊन नको, गरम भांडं नको, लादी पुसताना पायांशी पाणी साचू देऊ नये. पावसात अडकणारा खण रंधू नका. हवा कोरडी झाली की तो मोकळा होतो. कडांना मेणबत्ती घासली तरी पुरे. पितळी कड्या चिंचेनं घासायच्या असतील तर आधी काढून घ्याव्यात.

या दिवाळीत साफसफाई करताना भंगारवाल्याला हाक मारण्याआधी वस्तू उलटी करून पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती कोणाची, कुठून आली ते विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद खणात ठेवा. कारागीर बोलवाल तेव्हा पहिला प्रश्न एवढाच विचारा : तुम्ही लाखेचं काम करता का?