दुसरी फेरी, पण एकाच मतपत्रिकेवर
कारंजा तालुक्यातील कामरगावात सरपंच थेट निवडला जातो तेव्हा सर्वाधिक मते घेणारा उमेदवार निम्म्याहून कमी मतांवरही विजयी ठरतो. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अशा वेळी आघाडीच्या दोघांत पुन्हा मतदान, म्हणजे दुसरी फेरी, घेतात. मात्र याच गावातील नोंदणीकृत पदवीधर विधान परिषदेच्या अमरावती पदवीधर मतदारसंघासाठी जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात आणि कोणालाच कोटा, म्हणजे वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक मत, गाठता आला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात. पुढील पसंती न लिहिलेली मते बाजूला पडतात, मोजणीही (या मतदारसंघाच्या २०२३ च्या निवडणुकीप्रमाणे) लांबते. तरीही मतदाराला पुन्हा रांगेत उभे करण्यापेक्षा हीच पद्धत सरस आहे.