कागलच्या नावातले कोडे

फोनच्या बटणांवर अंकांसोबत रोमन अक्षरेही असतात: २ वर ए-बी-सी, ३ वर डी-ई-एफ, ४ वर जी-एच-आय, ५ वर जे-के-एल, ६ वर एम-एन-ओ, ७ वर पी-क्यू-आर-एस, ८ वर टी-यू-व्ही आणि ९ वर डब्ल्यू-एक्स-वाय-झेड.

आता कागल पंचतारांकित एमआयडीसीची पाटी आठवा. के-ए-जी-ए-एल म्हणजे ५२४२५. उलट वाचा, संख्या तीच! एम-आय-डी-सी म्हणजे ६४३२. अंक उतरत जातात.

वर्गात नियम न सांगता, फळ्यावर ही नावे रोमन अक्षरांत लिहा. कागल आणि अकोला (२५६५२) गटात. कराड, पुणे गटाबाहेर. मुले म्हणतील, 'नावात के आणि एल हवेत.' चारही नावांना हे लागू पडते. मग कल्याण घ्या. त्यात दोन्ही अक्षरे आहेत. पण संख्या ५२५९२६, म्हणून गटाबाहेर. अंदाज कोसळला!

जुळणारी उदाहरणे कितीही जमवली तरी नियम सिद्ध होत नाही. तो मोडेल असे उदाहरण मुद्दाम शोधावे लागते. पीटर वेसन यांच्या १९६० सालच्या २-४-६ या प्रयोगात अनेक जण जुळणारेच आकडे तपासत राहिले आणि चुकले.

मुलांना विचारा: रोहा (आर-ओ-एच-ए) कोणाच्या गटात, कागलच्या की एमआयडीसीच्या?