नाणेघाटापलीकडचं विमान

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की जुन्नरचा मुलूख लागतो. त्याच मुलुखातल्या एका डोंगरावर 7 जुलै 1962 रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, अलितालिया कंपनीचं डीसी-8 विमान आदळलं. सिडनीहून निघून बँकॉकमार्गे मुंबईला येणारं. आतली 94 च्या 94 माणसं गेली.

मुंबई जवळ आली, असा वैमानिकाचा समज झाला होता. प्रत्यक्षात सह्याद्री ओलांडायचा राहिला होता. विमान उतरत आलं आणि सुमारे 3,600 फुटांवर डोंगराला भिडलं. आपण नेमके कुठे आहोत हे ताडून पाहायची साधनं असून ती वापरली नाहीत, ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली विमान आणलं आणि वाटेवरच्या डोंगरांची ओळख नव्हती, असं चौकशीत निघालं. आषाढाच्या तोंडावर हे डोंगर दिवसाउजेडीसुद्धा ढगात हरवतात, हे इथल्या गुराख्याला कुणी सांगावं लागत नाही.

मग कंपनी वाईट, असं म्हणून मोकळं व्हायचं का? साडेतीन वर्षांनी, 24 जानेवारी 1966 ला, मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ युरोपातल्या माँ ब्लां पर्वतावर आदळलं. गेलेल्या 117 जणांत डॉ. होमी भाभा होते. पर्वत मागे पडला, असं समजून तिथंही वैमानिकाने उतरायला सुरुवात केली होती. कंपन्या दोन, डोंगर दोन, चूक एकच. म्हणून उपाय एका कंपनीपुरता शोधून भागणार नव्हतं. पुढे सत्तरच्या दशकात, जमीन धोकादायकरीत्या जवळ येताच वैमानिकाला ओरडून सावध करणारं यंत्र विमानांत बसू लागलं. नव्वदच्या दशकात त्याला डोंगरदऱ्यांच्या नकाशाची जोड मिळाली. आज ढगातून मुंबईत उतरताना आपण निर्धास्त बसतो, त्यामागे जुन्नर आणि माँ ब्लांसारख्या डोंगरांवर गेलेली माणसं आहेत.

प्रवाशाची भीती मात्र नावाला आणि आकड्याला चिकटते. 12 जून 2025 ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातली 241 आणि जमिनीवरची 19 माणसं गेली, आतला एकच वाचला. त्यानंतर कंपनीने 171 हा उड्डाण क्रमांक वापरातून काढून टाकला. गेलेल्यांच्या मानापोटी ते योग्यच झालं. पण 12 ऑक्टोबर 1976 ला मुंबईत पडलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचा क्रमांकही 171 च होता. त्यात 95 जण गेले. क्रमांकाचा त्यात काही दोष नव्हता. इंजिनातल्या धातूला तडा गेला होता.

एखाद्या कंपनीच्या नावावर एकही बळी नाही, एवढ्यावरून काही ठरत नाही. ती किती वर्षं, किती फेऱ्या उडते, हे आधी बघावं लागतं. शिवाय दोष नेहमी विमानातच असतो असंही नाही. 26 एप्रिल 1993 ला औरंगाबादहून उडणारं विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. 55 जण गेले. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली, तशी त्या रस्त्यावरची वाहतूक न थोपवणाऱ्यांचीही. नालासोपाऱ्याजवळ बिलालपाड्याला 1968 साली इंडोनेशियाच्या गरुडा कंपनीचं विमान पडलं, त्याच्या टाकीत भलतंच इंधन भरलं गेलं होतं. तिकीट काढताना यातलं काय कुणाला दिसणार?

म्हणूनच ‘कुठली कंपनी चांगली?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. अपघाताचं कारण खणून काढतात का, ते उघड करतात का, हे मी विचारेन. भारतात 2012 पर्यंत ज्या खात्याने विमानसेवेवर देखरेख करायची, त्याच्याच हाती चौकशीही होती. त्या वर्षी वेगळा अपघात अन्वेषण विभाग झाला. उशिरा झाला, पण झाला. त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात. गुन्हेगार ठरवणं हे त्याचं काम नाही. तोच अपघात पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी तो आहे.

आता खाली आपल्या रस्त्यावर या. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. दिवसाला सुमारे 462 पडतात. अहमदाबादेत गेले त्याहून जास्त, आणि रोज. तरी विमानात बसताना देवाचं नाव घेणारा माणूस धुक्यातल्या माळशेज घाटात वळणावर ट्रकच्या पुढे गाडी काढतो. स्टिअरिंग आपल्या हातात असलं की भीती वाटत नाही, आणि घाटातला मृत्यू एकेकट्याने येतो म्हणून त्याची बातमी दोन ओळींत संपते.

घाटात अपघात झाला की पंचनामा होतो, चालकावर गुन्हा नोंदवला जातो, काचा बाजूला सारतात आणि वाहतूक सुरू होते. वळण तसंच राहतं. कठडा होता का, दरडीचे दगड रस्त्यावर होते का, चालक किती तास जागा होता, हे सहसा कुणी खोलात जाऊन लिहून ठेवत नाही. विमानाच्या अपघाताला जो अहवाल मिळतो, तो माळशेजच्या प्रत्येक बळीलाही मिळाला पाहिजे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे, टोकावडेसारख्या गावांच्या ग्रामसभांनी तो ठराव करून मागावा.